लसणाचा अर्क मानकुराद आंब्याला पुरेल का?
एका लेखात लसूण नि कडुलिंबाच्या अर्काने आंब्याची फळकूज थांबते म्हटलंय, लॅबमधल्या बशीत थांबत असेल हो, पण आमच्या गोव्यातल्या डिचोलीत मे महिन्यात एक सर आली की फवारलेलं सगळं धुऊन जातं आणि कडुलिंबाचा अर्क तर कडक उन्हातही टिकत नाही. शिवाय ही कूज आणणारी करप्याची बुरशी फळ कोवळं असतानाच सालीत शिरून गप्प बसते, मानकुराद अढीत पिकायला लागला की मग काळे खोलगट डाग दिसतात, तेव्हा वरून काय मारणार? त्यापेक्षा आंबे काढल्या काढल्या 52 अंशाच्या गरम पाण्यात 10 मिनिटं बुडवा, पण थर्मामीटर लावून हां, अंदाजपंचे केलं तर साल भाजते. अर्क मारायचाच तर मोहोरापासून मारा नि सुकलेल्या फांद्या आधी छाटा, बुरशी तिथेच दबून असते.