इकडे यायला हवं होतंस

यंदा चवथीला आम्ही गोव्यात, माझ्या माहेरी डिचोलीला गेलो नाही. तिकिटं महाग होती, लेकाची शाळा नुकतीच सुरू झाली होती, आणि खरं सांगायचं तर पाहुण्यांच्या गर्दीत त्याचे काय हाल होतात ते मागच्या खेपेला पाहिलं होतं. म्हणून त्याला फ्रितिसमधून (शाळेनंतर मुलं सांभाळतात तिथून) आणल्यावर रात्रीची आरती फोनवर. आरती संपली, कोणीतरी फोन खुर्चीला टेकवून ठेवला आणि बंद करायला विसरलं. पुढचा पाऊण तास मी इथे स्वीडनमध्ये, गोथेनबर्गच्या स्वयंपाकघरात भांडी घासत माहेरच्या चौकीवरचा, म्हणजे घरातल्या बसण्याउठण्याच्या जागेवरचा, वाद ऐकत होते.

वाद होता, हल्ली ऑटिझमची (स्वमग्न) मुलं एवढी का होतात. गावच्या देवळाच्या सभागृहात गर्भसंस्कारांवर व्याख्यान झालं होतं आणि वक्त्या ठासून सांगून गेल्या होत्या की बाळंतपण बिघडलं की मूल बिघडतं. सिझेरियन, कळांचं इंजेक्शन, बाळ ओढून काढायचा चिमटा नाहीतर व्हॅक्यूम, सगळी त्याचीच कारणं. काकीला ते पटलेलं. आत्येभावाचं म्हणणं, डॉक्टरांना घाई असते. मग आवाज खाली आले आणि काकी म्हणाली, "तिच्या पोराला पण व्हॅक्यूमच लावलेला ना?" ती म्हणजे मी.

'बिघडलं' या शब्दानेच माझं डोकं फिरलं. बिघडतं ते दूध. माझा आठ वर्षांचा मुलगा गालोनबिक्सोर (पाणी न शिरणारी विजार) घालून तासभर चिखलात बसतो, ट्रॅमचे सगळे थांबे उलट क्रमाने म्हणतो, मोज्याची शिवण बोटाला लागली तर घर डोक्यावर घेतो. त्याला काय म्हणायचं ते म्हणा, नासलेला म्हणू नका.

मनातल्या मनात मी लगेच उत्तरं जुळवायला लागले. गोव्यात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जवळपास ४० टक्के बाळंतपणं सिझेरियनची निघाली. स्वीडनमध्ये ती २० टक्क्यांच्या आसपासच असतात, कारण इथे सगळा कारभार बार्नमोर्स्काच्या, म्हणजे शिकलेल्या सुईणीच्या हातात, डॉक्टर दिसलाच तर शेवटी. मग सिझेरियनने ऑटिझम होत असता तर गोव्यात तो इथल्या दुप्पट नको का? हा युक्तिवाद लंगडा आहे, मला कळतं. तिकडे कितीतरी मुलांचं निदानच होत नाही, तेव्हा तुलना कशाची कशाशी करणार? पण काकीशी मनातल्या मनात भांडताना हाताला येईल ते माणूस फेकतो.

धड युक्तिवाद वेगळाच आहे. इथे १९७३ पासून प्रत्येक बाळंतपणाची नोंद राष्ट्रीय रजिस्टरात आहे. त्यावरून झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. सुमारे २७ लाख मुलं त्यात होती. वरवर पाहता सिझेरियनच्या मुलांत ऑटिझम २० टक्क्यांनी जास्त. म्हणजे हजारात १० च्या जागी १२. व्याख्यानात नुसते २० टक्के ऐकले की अर्धं सभागृह घाबरतं. मग सख्खी भावंडं समोरासमोर ठेवली, त्याच आईचं एक मूल सिझेरियनचं आणि दुसरं नेहमीच्या वाटेने आलेलं. तेव्हा फरक उरला नाही. दोष सुरीत नव्हता. जे काही होतं ते त्या घरात होतं, आईच्या प्रकृतीत होतं किंवा रक्तात होतं, आणि दोन्ही भावंडांना सारखंच मिळालेलं होतं.

त्याआधी २०११ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ४० जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. बाळ गुदमरणं, नाळेचा घोळ, कमी वजन, आईला रक्तस्राव, पाचव्या मिनिटाचा कमी ॲपगार (जन्मल्याबरोबर बाळाच्या तब्येतीला दहापैकी देतात तो गुण), या गोष्टी ऑटिझमच्या मुलांत थोड्या जास्त सापडल्या. चिमट्याचा आणि व्हॅक्यूमचा संबंध मात्र सापडला नाही. (काकी, ऐकतेस ना?) आणि यातल्या कुठल्याही एका गोष्टीवर एकटीवर बोट ठेवता येणार नाही, असंही त्यांनीच लिहून ठेवलं.

हा वाद तसा ऑटिझमहूनही जुना. मुलांचे हातपाय आखडतात ते अवघड बाळंतपणामुळे, असं लंडनच्या विल्यम लिटल यांनी १८६२ साली मांडलं. १८९७ साली व्हिएन्नाच्या फ्रॉइडनी (हो, तेच, त्याआधी ते मेंदूचे डॉक्टर होते) उलटा विचार केला. काही वेळा अवघड बाळंतपण हेच लक्षण असेल, पोटात आधीच काहीतरी वेगळं घडल्याचं. वाट अडली म्हणून मूल वेगळं, की मूल वेगळं म्हणून वाट अडली? ऑटिझमच्या बाबतीत तराजू बराचसा फ्रॉइडच्या बाजूला झुकलाय. २०१९ साली पाच देशांतल्या २० लाख मुलांचा हिशेब आला, त्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के निघाला.

बराचसा म्हटलं, पूर्ण नाही. माझ्या बाजूला न बसणाऱ्या दोन गोष्टी आहेत आणि त्या दडवल्या तर माझ्यात आणि त्या व्याख्यातीबाईंत फरक तो काय? १९७७ साली ब्रिटनमध्ये जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. ११ एकसारख्या जोड्यांपैकी चारांत दोघांनाही ऑटिझम होता, १० वेगळ्या जोड्यांपैकी एकातही नाही. आनुवंशिकतेचा पहिला ठोस पुरावा तो हाच. पण जिथे जुळ्यांतल्या एकालाच ऑटिझम होता तिथे बहुतेक वेळा जन्माच्या वेळी जास्त सोसावं लागलं होतं ते त्यालाच. आणि दुसरी गोष्ट आमच्या उत्तर गोव्यातलीच. भारतात पाच ठिकाणी लहान मुलांची पाहणी झाली, त्यातलं एक उत्तर गोवा. २०१८ साली ती छापून आली. मेंदूच्या वाढीच्या एकूण विकारांचा जन्मावेळच्या गुदमरण्याशी संबंध तिथे दिसला. त्यात फिट्स आल्या, बहिरेपण आलं, ऑटिझम त्यातला एक. तरी गुदमरलेलं बाळ ही किरकोळ गोष्ट असं कोणी समजू नये.

पाचव्या वर्षी लेकाचं निदान झालं. त्याआधी दीड वर्ष आम्ही रांगेत होतो. माहेरी फोनवर मी "इथली व्यवस्था" असं म्हणते तेव्हा ते दीड वर्ष सांगत नाही. त्याच काळात मी वाचत होते की पर्वरीच्या संगाथ संस्थेने तज्ज्ञ नसलेल्या, नुसतं प्रशिक्षण दिलेल्या माणसांकडून आईबापांना मुलाशी खेळायचं, त्याच्या कलाने बोलायचं शिकवून पाहिलं आणि उपयोग झाला. गोव्यात आणि रावळपिंडीत मिळून केलेला तो अभ्यास २०१६ साली आला. माझ्या माहेरच्या घरापासून तासाभरावर. आणि मी इथे नोव्हेंबरच्या अंधारात बेवेसेच्या (इथलं बाल आरोग्य केंद्र) पत्राची वाट बघत बसलेली.

त्या रात्रींत मी ११७७ वर, म्हणजे इथल्या आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतःची बाळंतपणाची नोंद वाचायचे. मूल निजलं की फोन उशीखाली धरून. कळा २६ तास. ल्युस्तगास, कळा सुसह्य करायचा वायू. ०४:१० ला बाळाचे ठोके मंदावले, ०४:३१ ला व्हॅक्यूम. मानेभोवती नाळेचा एक वेढा. ॲपगार पहिल्या मिनिटाला ६, पाचव्याला ९. त्या २१ मिनिटांत कोण काय करत होतं, ते मी शब्दकोश घेऊन ओळ ओळ शोधलं. एखादी चूक सापडावी असं मला वाटत होतं. चूक सापडली असती तर निदान बोलायला कोणीतरी समोर असतं. सगळं नियमाप्रमाणे होतं. शेवटची ओळ: आईला खायला दिलं. ते मला आठवतं, टोस्ट, सफरचंदाचा रस आणि ट्रेवर चिमुकला कागदी झेंडा. तो झेंडा बघून मी रडले होते, पेजेच्या आठवणीने.

आईचा एकच धोशा असतो. काकीसारखी ती व्याख्यानं देत नाही, फक्त म्हणते, "तूं हांगा येवंक जाय आशिल्लें गो." इकडे यायला हवं होतंस. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, सुईणीचा अनुभवी हात असतो, पोटाला पट्टा, कानाला फडकं, दीड महिना तेलपाणी. आठव्या महिन्यात मी तिला सांगितलं होतं की डॉक्टर प्रवास नको म्हणतात. कुठल्याही डॉक्टरने तसं म्हटलं नव्हतं. मला जायचंच नव्हतं. ती बाळंतिणीची खोली, धुरी, येणाऱ्या-जाणाऱ्या बायका, आणि वर 'आमच्यापेक्षा इथलं बरं' हा माझा नवा माज. तेव्हापासून आईचा तर्क असा: परक्या मुलखात मुलीचे हाल झाले, म्हणून नातू असा. त्यात दोष माझा नाही, देशाचा. मी सगळे अभ्यास पुढ्यात मांडून तो तर्क मोडू शकते. पण मग पुढचा प्रश्न येतो रक्ताचा, आणि तिथे माझा धाकटा मामा बसलेला आहे.

मामा आता सत्तरीचा. लग्न केलं नाही, नोकरी टिकली नाही, नजर वर करून बोलत नाही. चाळीसएक वर्षं घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळांची चौकट, तोच बांधतो. उजवीकडून आधी सुपारीचं शिपटं, मग तोरिंग, मग आंबाड्यांचे घोस, घागऱ्यो, कवंडळ, मधोमध नारळ. एका वर्षी जावयाने हौसेने तोरिंग मध्ये बांधलं, तर मामाने रात्री बाराला सगळी माटोळी सोडली आणि पुन्हा बांधली. 'आमच्या घराण्यात असं कोणी नाही' हे आई डॉक्टरांना, नातेवाइकांना, मला, सगळ्यांना सांगते. मामाला वाढताना त्याची आमटी भाताला लागू नये म्हणून वेगळी वाटीही तीच ठेवते.

त्या संध्याकाळी चौकीवर काकी बोलत होती, आत्येभाऊ बोलत होता, आणि आईचा आवाज बराच वेळ आला नव्हता. मग एकदम आला. "तिचे पोर बरे आसा," ती म्हणाली. "तुमी जेवपाक बसात." तेवढ्यात फोन चालू आहे हे कोणाच्या तरी लक्षात आलं असावं, कारण पडद्यावर आधी छत दिसलं, मग आईचा अर्धा चेहरा.

"आयकलें गो तुवें?"

"ना गे," मी म्हटलं, "नळ चालू होता."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग लेकाला हाक मारून फोन माटोळीकडे वळवला, आणि तो पडद्याला नाक लावून उजवीकडून मोजायला लागला.