किती टक्के, ते मोजून दाखवा

२०२५ च्या ऑगस्टपासून आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. एक दादाची. तो चेंबूरला असतो, २०१२ ची स्कूटर अजून चालवतो आणि त्याच्या मते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, जुन्या गाड्यांच्या मुळावर उठलंय. दुसरी मामाची. मामा कागलजवळ, दोन एकर ऊस, त्याचं म्हणणं उसापासून बनणाऱ्या इथेनॉलमुळे कारखान्याचं बिल वेळेवर येतं, बाहेरच्या देशांना डॉलर मोजण्यापेक्षा ते पैसे शेतकऱ्याला मिळाले तर तुम्हा मुंबईवाल्यांच्या पोटात का दुखतं. मग कोणीतरी गंजलेल्या इंजिनाचा फोटो टाकतं, कोणीतरी मंत्र्यांचा व्हिडिओ, आणि शेवटी दोघंही मला टॅग करतात, कारण मी ब्राझीलला राहते आणि इंधन तपासणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे.

"तू सांग, तिकडे तर तीस टक्के घालतात ना?"

हो, घालतात. १ ऑगस्ट २०२५ पासून इथे साध्या पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल घालायला लागले, त्याआधी दहा वर्षं २७ टक्के होतं. पण एवढंच उचलून "बघा ब्राझीलला तीस चालतं मग आपल्याला वीस का नको" म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण ते अर्धंच सांगतात. आणि "ब्राझीलची गोष्ट वेगळी, आपल्याकडे हे चालणारच नाही" म्हणणारे उरलेलं अर्धं सांगतात.

मी वाढले माहूलच्या बाजूला. आमच्या गॅलरीतून रात्री रिफायनरीची ज्वाळा दिसायची, वारा फिरला की घरभर वास, आई खिडक्या लावून घ्यायची. तिथल्या दोन्ही रिफायनऱ्या १९५४-५५ च्या, एस्सो-बर्माशेलच्या काळातल्या, आणि १९७४ ला 'सागर सम्राट' या ड्रिलिंगच्या जहाजाला बॉम्बे हायमध्ये तेल लागलं तेव्हाच्या गोष्टी बाबा इतक्या रंगवून सांगायचे की मला लहानपणी वाटायचं आता मुंबईच्या समुद्रातून निघतंय म्हणजे देशाला पुरणारच. पुरलं नाही. आजही आपण शंभरातलं पंच्याऐंशीच्या वर कच्चं तेल बाहेरून आणतो, त्यामुळे इथेनॉल कशाला हा प्रश्न मला पडत नाही, कसं हा पडतो.

आता इथलं सांगते. मी साओ पावलो राज्यात कांपिनासजवळ राहते, शेजारच्या पाउलीनियाला देशातली सगळ्यात मोठी रिफायनरी आहे आणि थोडं पुढे गेलं की पिरासिकाबाकडे नुसता ऊसच ऊस. इथे आल्या-आल्या नवऱ्याच्या गाडीत पेट्रोल भरायला गेलो होतो, तिथे एक म्हातारे गृहस्थ पंपावरच्या पोराशी शांतपणे काहीतरी बोलले, आणि तो पोरगा आत जाऊन एक काचेचा मेजरिंग सिलिंडर घेऊन आला, शंभर मिलीचा, वर बूच. त्यात त्याने पन्नासच्या रेघेपर्यंत पेट्रोल घेतलं, वरून शंभरपर्यंत मिठाचं पाणी, दहा टक्क्यांचं, बूच लावून सिलिंडर हळूहळू दहा वेळा उलटासुलटा केला आणि कठड्यावर ठेवून दिला. दहा-पंधरा मिनिटं कोणी काही बोललं नाही. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं, त्यामुळे ते सगळं खाली पाण्यात उतरतं आणि पाण्याची रेघ वर चढते. रेघ तेव्हा त्रेसष्टवर आली. तेरा मिली वाढलं, तेराचे दुप्पट सव्वीस, अधिक एक, सत्तावीस. म्हाताऱ्याने मान डोलावली, टाकी भरून घेतली आणि गेला. मी यूडीसीटीत, मुंबईच्या केमिकल टेक्नॉलॉजीच्या कॉलेजात, चार वर्षं घासलेली मुलगी, पण गिऱ्हाइकाने मागितली म्हणून पंपावर टेस्ट करून देतात हे मी तोवर पाहिलं नव्हतं. इथे तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे, पंपवाल्याला नाही म्हणता येत नाही.

आपल्याकडे हक्क नाही असं नाही हां. फिल्टर पेपर मागता येतो, त्यावर पेट्रोलचा थेंब टाकला की डाग न ठेवता उडाला पाहिजे. डेन्सिटी मागता येते. पाच लिटरचं माप मागता येतं. पण हे सगळं ठरलं ते रॉकेलच्या भेसळीच्या काळात, आणि डेन्सिटीवरून इथेनॉल किती ते कळत नाही, कारण इथेनॉलची डेन्सिटी घनमीटरला ७८९ किलो, पेट्रोलची ७४० धरा, वीस टक्के मिसळलं तर होतं साधारण ७५०, आणि बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांतली पेट्रोलची मर्यादाच मुळी ७२० ते ७७५ आहे. म्हणजे दहा टक्के असो की वीस, काटा मर्यादेतच. आपण पेट्रोल बदललं पण गिऱ्हाइकाच्या हातातलं माप जुनंच ठेवलं, माझं सगळं भांडण इथे आहे.

मायलेजचं घ्या. दादा म्हणतो चाळीसचे तीस झाले, सरकार म्हणतं फरक किरकोळ. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. हिशोब करा, ई१० वरून ई२० वर गेलं की लिटरमागे साडेतीन टक्के ऊर्जा कमी, शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर सात. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की ई१० वर बसवलेल्या जुन्या चारचाकींना सहा-सात टक्के आणि दुचाकींना तीन-चार टक्के फटका बसेल. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने नव्या गाड्यांना एक-दोन आणि बाकीच्यांना तीन ते सहा म्हटलं. म्हणजे आकडे एकमेकांच्या आसपासच आहेत, भौतिकशास्त्राच्या बाहेर कोणी जात नाही, दादाचे चाळीसचे तीस नुसत्या इथेनॉलने होऊ शकत नाहीत आणि फरक नाहीच असंही नाही. मुंबईत २०२५ ला पेट्रोल १०३ च्या वर होतं, त्यातले साडेतीन टक्के म्हणजे लिटरमागे साडेतीन रुपये, आणि हे साडेतीन रुपये रोज कुर्ल्याहून अंधेरीला स्विगीची बॅग घेऊन फिरणाऱ्या पोराच्या खिशातून जातात. ब्राझीलमध्ये शुद्ध इथेनॉलचा नळ पंपावर वेगळा असतो आणि ७० टक्क्यांचा हिशोब भाजीवालीलाही पाठ असतो, इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तरच ते भरायचं. ऊर्जा कमी तर भाव कमी. आपल्याकडे ऊर्जा कमी झाली, भाव तोच राहिला, आणि दादा विचारतो तर त्याला विकासाच्या आड येणारा ठरवतात, हे बरोबर नाही.

आणि चॉइस. इथे ३० टक्के केलं तेव्हाही प्रीमियम पेट्रोलमध्ये २५ च ठेवलं, जुन्या आणि इम्पोर्टेड गाड्यांसाठी. करण्याआधी साओ पावलोजवळच्या माउआ इन्स्टिट्यूटने कार आणि मोटरसायकलींवर चाचण्या केल्या, रिपोर्ट लोकांसमोर ठेवले, मग निर्णय. आपल्याकडे चाचण्या झाल्या नाहीत असं अजिबात नाही, पुण्याची गाड्या तपासणारी संस्था एआरएआय, डेहराडूनची पेट्रोलियम संस्था आयआयपी, फरिदाबादचं इंडियन ऑइलचं आर अँड डी, तिथली माणसं फार चांगलं काम करतात, आणि नीती आयोगाच्याच आराखड्यात जुन्या गाड्यांसाठी ई१० चालू ठेवा असं सुचवलं होतं. ते झालं नाही. त्यावर कोर्टात याचिका गेली, १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने फेटाळली, विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. दादाच्या स्कूटरसाठी कुठे संपला?

घाईचंही सांगायला पाहिजे. ब्राझीलमध्ये पाच टक्क्यांची सक्ती १९३१ ची, इथेनॉल वाढवायची प्रोआल्कूल योजना १९७५ ची, पेट्रोल-इथेनॉल कसंही मिसळून चालणारी फ्लेक्स गाडी २००३ ला आली. म्हणजे रस्त्यावरच्या गाड्या बदलायला इथे दोन पिढ्या मिळाल्या, आणि मध्ये १९८९ च्या सुमाराला इथेनॉलच संपलं, पंपांवर रांगा लागल्या, लोकांचा विश्वास उडाला आणि तो परत यायला दहा-बारा वर्षं गेली. आपण २०१४ ला दीड टक्क्यावर होतो आणि २०२५ ला वीसवर. एवढ्या वेळात हे जमवणं ही मोठीच गोष्ट आहे, मला अभिमान आहे, पण ई२० ला चालणारे पार्ट असलेल्या गाड्याच २०२३ च्या एप्रिलपासून यायला लागल्या, त्याआधीच्या करोडो गाड्यांचं काय ते कोणीतरी बसून बोलायला हवं होतं.

इथलं सगळं छान आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. ब्राझीलच्या पेट्रोलमध्ये सल्फर ५० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ५०, चालतो, आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर १०. हे भारताने मधली पायरी गाळून केलं, आणि ते करायला रिफायनऱ्यांना नवी युनिट्स टाकावी लागली. इथे त्याबद्दल सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्येच इथे गुन्हेगारी टोळ्यांनी पंपांच्या धंद्यात शिरून पेट्रोलमध्ये मिथेनॉल, हे विषारी अल्कोहोल, घातल्याचं मोठं प्रकरण बाहेर आलं. तो काचेचा सिलिंडर मिथेनॉल ओळखत नाही, तेही पाण्यातच उतरतं, त्याला लॅबच लागते. म्हणून इथे विद्यापीठांच्या लॅब पंपांवरून सॅम्पल उचलून तपासतात, दोन्ही लागतं.

मामालाही माझं एक सांगणं आहे, त्याला राग येईल. इथला ऊस बहुतेक पावसावर येतो, आपला कालव्यावर आणि बोअरवर. नीती आयोगाच्याच हिशोबाने उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाणी जातं. तुझं बिल वेळेवर आलंच पाहिजे मामा, पण दुष्काळी माणदेशातल्या बाईच्या हंड्याचा हिशोबही त्याच कागदावर पाहिजे.

डिसेंबरला मुंबईत आले तेव्हा बॅगेत एक सिलिंडर आणला होता. दादाची स्कूटर सप्टेंबरात बंद पडलेली, दीड महिना पावसात सोसायटीच्या खाली उभी होती, अर्धी टाकी. गॅरेजवाल्या काकांनी कार्बोरेटरचा बाऊल उघडून ठेवला होता मला दाखवायला. तळाशी पाण्यासारखा थर, हिरवट, आणि रबराची रिंग फुगून जागेवर बसेना. "हे इथेनॉलच ना ताई?" त्यांनी विचारलं. रिंग जुन्या रबराची, ती इथेनॉलने फुगते हे खरं. पाण्याचं मात्र मी त्यांना सरळ हो म्हटलं नाही, कारण जास्त इथेनॉलचं पेट्रोल उलट जास्त पाणी पोटात घेतं, पण एकदा मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं आणि गाडी पहिल्यांदा तेच ओढते. अर्धी टाकी, दीड महिना, मुंबईचा पाऊस, आणि टाकीचं झाकणही धड बसत नव्हतं. एकट्या इथेनॉलवर ढकलता येणार नाही.

मग कोपऱ्यावरच्या पंपावर जाऊन विचारलं यात इथेनॉल किती टक्के आहे. तिथला पोरगा म्हणाला, "पेट्रोल आहे ताई, पेट्रोल." मशीनवर काही लिहिलेलं नव्हतं. गॅरेजच्या बाहेर, सगळ्यांच्या विड्या विझवायला लावून, काकूंच्या डब्यातलं मीठ वजन करून पाण्यात घातलं आणि तोच प्रयोग केला. सूत्र ब्राझीलच्या पेट्रोलसाठी बसवलेलं आहे, पण अंदाजाला पुरतं. रेघ साडेएकोणसाठवर थांबली. साडेनऊचे दुप्पट एकोणीस, अधिक एक, वीस. दादा बराच वेळ बघत राहिला, म्हणाला, "म्हणजे वीसच आहे. मग लिहायला काय होतं यांना?"

सिलिंडर काकांकडेच ठेवून आलेय. आता आठवड्याला एखादा फोटो येतो, कोणाच्या रिक्षाच्या बाटलीतलं, कोणाच्या बुलेटमधलं. परवा रात्री आला, खाली लिहिलं होतं, ताई हे बरोबर साठवर आलंय, किती झालं? मी लिहिलं, एकवीस.