अरुंधतीची उधारी

आमचं लग्न 1991 च्या मे महिन्यात भर दुपारी 12 वाजून 7 मिनिटांच्या मुहूर्तावर लागलं. सप्तपदी आटोपल्यावर गुरुजी म्हणाले, "आता वधूला अरुंधती दाखवा." मी वर पाहिलं. वर मांडवाचं गुलाबी कापड आणि त्याखाली कुरकुरणारा पंखा. मी गंभीरपणे पंख्याकडे बोट केलं. "दिसली का?" गुरुजींनी विचारलं. "दिसली," ही म्हणाली. संसारातलं पहिलं खोटं मी तुमच्यासाठी बोलले, हे तिने नंतर मला बऱ्याचदा ऐकवलं. तेव्हापासून ती अरुंधती माझ्या नावावर उधार आहे. बँकेत आयुष्यभर लोकांच्या थकबाक्या वसूल केल्या, स्वतःचं खातं मात्र एनपीए.

गेल्या नोव्हेंबरात निवृत्त झालो. निरोपाच्या पाकिटात पदरचे घालून दुर्बीण घेतली आणि पहिल्याच रात्री नातवाला शनी दाखवला. "आजोबा, कडी कुठेयत?" शनीची कडी साधारण दर पंधरा वर्षांनी आपल्याला बरोबर काठावरून दिसतात, म्हणजे जवळजवळ दिसतच नाहीत. 2025 हे नेमकं तेच वर्ष. काडी टोचलेल्या बोरासारखा तो शनी बघून नातू खाली कार्टून बघायला निघून गेला. साडेसातीवर माझा विश्वास नव्हता.

मग ठरवलं, आधी जुनी उधारी फेडू. मे महिन्यात रात्री नऊला सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आलेले असतात. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला खेटून बारीकशी अरुंधती. लहानपणी फलटणला आम्ही माळवदावर झोपायचो तेव्हा ती चष्म्याशिवाय दिसायची. आजी सप्तर्षी म्हणायची नाही. तिच्या लेखी ती म्हातारीची बाज, आणि मागचे तिघे ती पळवायला आलेले चोर. अण्णा गोधडीवर उताणे पडून बोट फिरवायचे, "शेपटीच्या बाकावरून पुढे या, ही स्वाती, अजून पुढे, ही चित्रा..." चित्रेपर्यंत आम्हा सहा भावंडांपैकी चार घोरत असायची आणि आई खालून ओरडायची, "अहो, झोपू द्या पोरांना, सकाळी दळणाला पाठवायचंय!"

आता आमच्या पुण्यातल्या सोसायटीची गच्ची. किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी मुलीकडे बंगळुरूला. ते आल्यावर अर्ज दिला, कारण लिहिलं 'खगोल', किल्ली मिळाली. वर गेलो तर पाण्याच्या टाकीवर, अगदी उत्तरेलाच, 200 वॅटचा पांढराशुभ्र एलईडी फ्लडलाइट. तो कशासाठी? तर सुरक्षेसाठी. गच्चीवर चोरण्यासारखं होतं काय, तर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या कुरडया. म्हातारीची बाज राहिली बाजूला, चोर आता कुरडयांवर टपलेत असा समज.

सेक्रेटरींना विनंती केली की रात्री तासभर दिवा बंद ठेवा. ते म्हणाले, "काका, एवढी महागाची दुर्बीण, मग तिला उजेडात जास्त चांगलं दिसायला नको का?" यावर काय बोलणार? असल्या दिव्यातला निळसर उजेड हवेत जास्त विखुरतो, आकाशच धुरकट करून टाकतो, हे मी सांगू लागलो, तर त्यांनी मला पार्किंगच्या थकलेल्या पैशांची आठवण करून दिली.

जॉन बॉर्टल नावाच्या अमेरिकन हौशी निरीक्षकाने 2001 मध्ये आकाशाच्या अंधाराची 1 ते 9 अशी प्रतवारी केली. 1 म्हणजे निखळ काळोख. 9 म्हणजे आमच्या कुरडया. आपल्याकडे 2024 च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. अंधारालाही आता वाघाशेजारी जपून ठेवायची वेळ आलीय. हिला म्हटलं, पेंचला जाऊ. "उधारी फेडायला वाघाच्या दारात नेताय? नको, राहू दे उधार."

मला खरा राग येतो तो हिशेबाचा. वसिष्ठाचा उजेड इथे पोचायला सुमारे 80 वर्षं लागतात. म्हणजे अण्णांची मुंज झाली त्या सुमारास तो निघाला. एवढं अंतर न चुकता कापून आला, आणि शेवटच्या वीस फुटांत कुरडयांच्या राखणदाराने त्याला आडवा घेतला.

शेवटी तोडगा हिनेच काढला. जुनी सोलापुरी चादर आणली आणि सर्दीत वाफारा घेतात तशी दुर्बिणीसकट माझ्या डोक्यावर टाकली. आत घामाच्या धारा, पण अंधार! चाचपडत तारा सापडला, तर तो लगेच सरकून जायचा, पुन्हा शोधायचा. एकदाचा मध्ये आला तेव्हा मी हाक मारली आणि तीही चादरीत शिरली.

"अहो, इथे तर तीन दिसतायत."

"ती जरा लांबची अरुंधती. जवळजवळचे दोन म्हणजे वसिष्ठ. दुर्बिणीतून बघितलं की त्याचे दोन होतात. सतराव्या शतकापासून माहीत आहे लोकांना."

ही बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं, गहिवरली.

"वसिष्ठ दोन? एकाचंच करताना जीव जातो. तरीच बिचारी लांब उभी आहे."

एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. वॉचमनने बॅटरी मारली. "कोन हाय तिकडं?"

चादरीला चार पाय, आणि समोरच्या इमारतीकडे रोखलेली नळी. त्याला काय वाटलं असेल याची कल्पना करून मला आणखी घाम फुटला. मी बाहेर यायला लागलो तर हिने माझा सदरा धरून मागे ओढलं.

"थांबा हो दादा," ही आतूनच ओरडली, "आमच्या लग्नातलं एक राहिलं होतं, ते उरकतोय!"

त्याने मुकाट्याने बॅटरी विझवली. गच्चीवरचा तेवढा तरी उजेड कमी झाला.