अफूच्या जहाजांच्या बाराशे वर्षं आधी

आत्याने काल एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, ‘हे खरं का रे?’ फॉरवर्डचं म्हणणं असं: ख्रिस्ती धर्म चीनमध्ये इंग्रजांनी अफूच्या जहाजातून आणला, त्याआधी तिथे त्याचं नामोनिशाण नव्हतं, चीनने चर्चं बंद करून देश वाचवला, आता तिथे बायबल सापडलं तर थेट फाशी. आत्या, यातलं बरंचसं खोटं आहे.

आधी अफूचं बघू. चीनमधल्या शिआन शहराच्या शिलालेख संग्रहालयात माणसाहून उंच असा एक दगड कासवाच्या पाठीवर उभा आहे. माथ्यावर क्रूस, क्रूसाखाली कमळ. लेख चिनी भाषेत, आणि कडेने सिरियाक या पश्चिम आशियातल्या जुन्या ख्रिस्ती लिपीत धर्मगुरूंची नावं. हा दगड सन 781 मध्ये उभारला. त्यावर लिहिलंय की आलोपेन नावाचा धर्मगुरू 635 मध्ये तांग राजवटीची राजधानी चांगआनला, म्हणजे आजच्या शिआनला आला, सम्राट ताइझोंगने त्याचं स्वागत केलं आणि 638 मध्ये मठ बांधायची परवानगी दिली. म्हणजे ब्रिटन आणि चीनमधल्या पहिल्या अफू युद्धाच्या (1839) बाराशे वर्षं आधी! त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनी तर सोडाच, इंग्लंड नावाचं एकसंध राज्यसुद्धा नव्हतं. पुढे मात्तेओ रिची हा इटालियन मिशनरी 1601 मध्ये बीजिंगला पोचला. मिंग दरबारातला अधिकारी शू ग्वांगची याच्याबरोबर त्याने युक्लिडची भूमिती चिनी भाषेत आणली. हा शू स्वतः ख्रिस्ती झाला होता. त्याच्यावर कोणी तोफ रोखली होती?

अर्धं सत्य मात्र मान्य करावं लागतं, आणि ते लाजिरवाणं आहे. कार्ल ग्युत्सलाफ हा मिशनरी 1832 मध्ये विल्यम जार्डिन या ब्रिटिश व्यापाऱ्याच्या अफूच्या जहाजावर दुभाषा म्हणून गेला आणि किनाऱ्यावर धर्मपत्रकं वाटत फिरला. दुसऱ्या अफू युद्धात चीनवर लादलेल्या 1858 च्या तिएनजिन तहाने मिशनऱ्यांना संरक्षण मिळालं, तेही तोफांच्या जोरावर. त्याचा राग चिनी लोकांच्या मनात राहिला, आणि तो साहजिक होता. पण या एका पानावरून सगळी पोथी ठरवायची?

बायबल आणि फाशी, ही तर शुद्ध थाप. नानजिंगमधल्या ॲमिटी छापखान्याने 20 कोटींच्या वर बायबलं छापली आहेत. चीनमध्ये ती सरकारमान्य चर्चमधून मिळतात. ऑनलाइन विक्री मात्र 2018 मध्ये बंद केली.

राहिलं ‘चर्चं बंद करून देश वाचवला’. मला सर्वात जास्त चीड याची आहे, कारण हे लोकांना आदर्श म्हणून दाखवलं जातंय. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत, 1966 पासून, चर्चं बंद झालीच, पण त्यांच्याबरोबर बौद्ध विहार, ताओ मंदिरं आणि मशिदीही. पाद्री, भिक्खू, मौलवी, सगळेच त्यात भरडले गेले. 1979 पासून चर्चं पुन्हा उघडली. 1949 मध्ये चीनमध्ये प्रोटेस्टंट होते सुमारे 7 लाख; 2018 च्या सरकारी श्वेतपत्रिकेत तो आकडा आहे 3 कोटी 80 लाख, शिवाय 60 लाख कॅथलिक. दडपशाही थांबलेली नाही. 2014 मध्ये वेनझोऊचं सानजियांग चर्च पाडलं, आणि ते काही लपूनछपून चालणारं चर्च नव्हतं, सरकारमान्य होतं. चेंगडूचे पाद्री वांग यी यांना 2019 मध्ये 9 वर्षांची कैद झाली. ज्यांना हे ‘देश वाचवणं’ वाटतं, त्यांनी वांग यींचा गुन्हा काय होता तेवढं सांगावं.