छत्रीस्टार्ट मोटर

रविवारी सकाळी विळीला धार लावायला बसलो. बटण दाबलं तर ग्राइंडर नुसता गुंगला, चाक जागचं हलेना. घडलं एवढंच. पण पार्किंगमध्ये मोटर गुंगली की तळमजल्यावरचे काका मुंगळ्याच्या आधी पोहोचतात.

"प्लग उलटा लाव."

ग्राइंडर जुना, अर्ध्या एचपीचा. प्लग दोन पिनांचा, म्हणजे उलटा लावता येतो हेच दुर्दैव. (अर्थिंग नाही. माझी चूक, मान्य.) म्हटलं, "काका, प्लग उलटला की मोटर चालवणारं मेन आणि ती सुरू करून देणारं स्टार्टिंग, तारेच्या वेटोळ्यांची ही दोन्ही वाइंडिंग एकदमच उलटतात. दिशा आहे तीच राहते. दिशा बदलायची तर दोघांपैकी एकाचीच टोकं अदलाबदल करावी लागतात."

"आमच्या विहिरीवर पाच एचपीची आहे. कुठल्याही दोन वायरी बदलल्या की सरळ फिरते. तीस वर्षं बदलतोय."

तीस वर्षं बदलतायत म्हणजे तीस वर्षं आधी चुकीच्याच जोडतायत, हे ओठांवर आलेलं गिळलं. ती थ्री फेज, हा ग्राइंडर सिंगल फेज. तिथे तीन फेज एकामागोमाग येतात, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र आपोआप गोल फिरतं. इथे एकट्या मेन वाइंडिंगचं क्षेत्र जागच्या जागी उलटसुलट होतं. थांबलेल्या रोटरला, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाला, दोन्हीकडून सारखीच ओढ. म्हणून स्टार्टिंगला जोडलेला कंडेन्सर (कपॅसिटर). तो स्टार्टिंगचा करंट मेनच्या पुढे काढतो आणि रोटरला एक बाजू मिळते. वेग पूर्ण वेगाच्या साधारण पाऊणपट झाला की सेंट्रिफ्युगल स्विच, म्हणजे फिरण्याच्या वेगाने आपोआप उघडणारा, स्टार्टिंगला बाहेर काढतो. तेव्हा गुंगणं म्हणजे कंडेन्सर मेलेला, नाहीतर त्या स्विचचे पॉइंट जळलेले, नाहीतर स्टार्टिंग तुटलेलं. बटण दाबून ठेवलं तर मेनही जळणार.

हे सगळं मी बोललो. काकांनी छत्री उचलली.

मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत टोकाने चाकाला खालून वर एक ढोसणी. आणि मोटर सुटली! सुटणारच. मेन शाबूत असेल तर ढकलाल तिकडे ती धावते. खालून वर ढकललेली, म्हणजे उलटी. तेवढ्यात काकांनी विळी टेकवली. एरवी खाली पायाशी उडणाऱ्या ठिणग्या थेट माझ्या शर्टावर.

"फिरली की नाही?"

"उलटी फिरतेय! नट सुटतील!" उजवीकडचा नट सरळ आट्यांचा, डावीकडचा उलट्या आट्यांचा, सरळ फिरताना दोन्ही आवळत जातात, उलट्या दिशेला सैल होतात. मी बटण बंद केलं. जमलेल्या चौघांच्या चेहऱ्यावर एकच भाव: चालू झालेली मोटर या माणसाने बंद पाडली.

खोललं तर कंडेन्सर फुगलेला. आधी बल्बमधून डिस्चार्ज केला. मेलेला दिसला तरी करायचाच. मग मल्टीमीटर. जाड तारेचं मेन 4 ओहम, बारीक तारेचं स्टार्टिंग 9, दोन्ही धड. वायंडरने मात्र चारही टोकांना एकाच काळ्या रंगाच्या स्लीव्ह घातलेल्या. रिवाइंडिंगचे पैसे मोजून घेतात, दोन रंगांच्या स्लीव्ह घालायला काय होतं? जुन्यावर लिहिलं होतं त्याच मापाचा स्टार्टिंग कंडेन्सर आणला. फॅनचा अडीच मायक्रोफॅरडचा इथे कामाचा नाही, हे दुकानदारालाही सांगावं लागलं. मोटर सुटली, सरळ. बघायला कोणी नव्हतं.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा कूलर गुंगायला लागला. निरोप काकांना गेला. पाऊस नव्हता, तरी ते छत्री घेऊन जिना चढले.