विमानाच्या दिवशी सकाळी स्कुबा लावता? डोकं ठिकाणावर आहे का?

दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जाऊन आलो. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितोय.

‘निवांत अंदमान, 5 रात्री 6 दिवस.’ सोलापुरातल्याच एका टूरवाल्यानं हा कागद हातात दिला. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. समुद्राकाठी दोन दिवस नुसतं बसायचं आणि लेकीला एकदा स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली पोहायला मिळावं, एवढंच आमचं मागणं होतं. ते मी त्याला तीनदा सांगितलं होतं.

स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त बघायची वेळ कागदावर काय, तर साडेपाच. अरे, तिथं घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य पूर्वेकडचा आहे! नोव्हेंबरात पाचच्या आसपासच बुडतो. आम्ही पोचलो तेव्हा अंधार. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं या बेटावर वसली. त्यांच्या बाजारात फिरायचं होतं, त्यांच्या हातचं माशाचं कालवण खायचं होतं. पण गाडीवाला दहा मिनिटांत हॉर्न वाजवायला लागला. पुढचा पॉइंट!

हे सगळं गिळलं असतं. पण स्कुबा?

ती लावली शेवटच्या दिवशी सकाळी सहाला. मग बोट, आणि दुपारी पोर्ट ब्लेअरहून विमान. लेक बारा वर्षांची. महिनाभर घरी नाक दाबून कान मोकळे करायचा सराव करत होती. पाण्याखाली अंगठा वर केला की ‘छान’ नाही, ‘वर चला’, हे आम्हाला शिकवत होती. सूट घालून तयार झाली. तेवढ्यात तिथल्या प्रशिक्षकानं विचारलं, फ्लाइट कधी आहे? आजच दुपारी म्हटल्यावर त्यानं सरळ नकार दिला.

बरोबरच केलं त्यानं. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन अंगात विरघळतो. तो बाहेर पडायच्या आत विमानात बसलात की वर दाब कमी, आणि सोड्याच्या बाटलीचं बूच काढावं तसे अंगात बुडबुडे होतात. सांधे धरतात, लकवासुद्धा मारू शकतो. एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि जास्त डाइव्ह केल्या तर 18 तास विमान नको, हे शिकाऊ माणसालाही सांगतात. पॅकेज विकणाऱ्याला माहीत नको?

तिथूनच फोन लावला. म्हणतो, ‘‘करून घ्या की ओ, सगळेच करतेत. काय होत नसतंय.’’ माझ्या पोरीच्या जिवावर हा बोलतोय! तिनं एक शब्द न बोलता पाठीमागची चेन खाली ओढली, सूट काढला आणि घडी करून बाकावर ठेवला.

माणशी साडेतीन हजार भरलेत स्कुबाचे. परत मागितले तर म्हणे पुढच्या ट्रिपला सवलत देतो. सवलत घाल चुलीत. पैसे परत दे, आणि तो कागद आधी बदल. पुढच्या महिन्यात त्याच वेळेवर दुसरं कुणाचं तरी पोर तिथं पाठवशील.