मोत्यांच्या केसांची मुलगी आणि पन्नासहून अधिक वर्षांचा बँड

हॉस्टेलला असताना आमच्या खोलीत स्कॉर्पियन्स या जर्मन रॉक बँडची 'लाइव्ह बाइट्स' ही कॅसेट फिरून फिरून घासली गेली होती. त्यातलं 'व्हाइट डव्ह' लागलं की सगळे गप्प. हे गाणं मूळ जर्मनांचं नाहीच, बुडापेस्टच्या 'ओमेगा' या बँडचं आहे, हे मला कळायला पुढे वीस वर्षं गेली. तेव्हापासून डोक्यात आहे ते आज लिहून टाकतो. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

मूळ गाणं १९६९चं, 'दहा हजार पावलं' या अल्बममधलं. चाल गाबोर प्रेसरची, शब्द आन्ना अदामिशचे. नावाचा अर्थ 'मोत्यांच्या केसांची मुलगी'. एकदा सूर्य फार थकला आणि हिरव्यागार तळ्याच्या कुशीत झोपून गेला, अशी सुरुवात. अगदी आजीच्या गोष्टीसारखी! आणि मग ओमेगाचा गायक यानोश कोबोरचा तो आवाज. सुरात किंचित रडवेला, पण लाचार नाही. हंगेरियनचं एक अक्षर मला कळत नाही, तरी दर वेळी काटा येतो.

आता माझा मुद्दा. लोखंडी पडद्यामागचा, म्हणजे शीतयुद्धातल्या कम्युनिस्ट पूर्व युरोपातला रॉक म्हटलं की आपल्याला तुरुंगात गेलेला हिरो हवा असतो. ओमेगा तसा नव्हता. तेव्हा हंगेरीत सांस्कृतिक कारभार ग्यॉर्गी अत्सेलच्या हातात, आणि त्याचं धोरण तीन 'त'चं: तिल्ताश, त्युरेश, तामोगताश. मराठीत योगायोगाने तीन 'म' होतात: मनाई, मुभा, मदत. रेकॉर्ड कंपनी एकच, तीही सरकारी. तिने नाही म्हटलं की विषय संपला. १९७२मध्ये नेमकं तेच झालं. 'शेवटच्या युद्धानंतर दोनशे वर्षांनी' हा अल्बम अडवला गेला. या लोकांनी काय करावं? त्यातली गाणी लाइव्ह रेकॉर्ड करून 'जिवंत ओमेगा' या नावाने बाहेर काढली. मूळ अल्बम निघाला १९९८ साली. म्हणजे अडवणारं सरकार जाऊनही नऊ वर्षं झाली होती.

याला कोणी तडजोड म्हणेल. म्हणू दे. मला यात आपल्या सरकारी कचेरीत फाइल पुढे सरकवणाऱ्या चिवट माणसाची अक्कल दिसते. घोषणा देऊन एक रात्र गाजवता येते; १९६२ साली काढलेला बँड पन्नासहून अधिक वर्षं चालवायला वेगळंच काहीतरी लागतं.

त्यात घरची फूट वेगळीच. १९७१मध्ये प्रेसर आणि ड्रमर योझेफ लाउक्स बाहेर पडले आणि त्यांनी 'लोकोमोटिव्ह जीटी' काढला. अदामिश लाउक्सची बायको, म्हणजे शब्दही त्यांच्याबरोबर गेले. संगीतकार, गीतकार, ड्रमर एकदम गेल्यावर बँड उभा राहतो का? हा राहिला. नवा ड्रमर देब्रेत्सेनी आला, बँडमधल्याच बेंकोचे कीबोर्ड पुढे आले, आणि पश्चिम जर्मनीतल्या कंपनीसाठी इंग्रजीत अल्बम निघू लागले. (ती इंग्रजी गाणी मला बेतास बात वाटतात. कोबोरने आपल्या भाषेतच गावं.)

२०१३मध्ये अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टने आपल्या 'न्यू स्लेव्ह्ज' या गाण्याच्या शेवटी ही मोत्यांच्या केसांची मुलगीच लावली. प्रेसरने २०१६मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा ठोकला. त्याचं म्हणणं, मला दहा हजार डॉलरचा चेक पाठवला होता, तो मी वटवलाच नाही. पुढच्या वर्षी तडजोड झाली. मला त्या न वटवलेल्या चेकचं भारी कौतुक आहे.

नोव्हेंबर २०२०मध्ये बेंको आणि बासवादक तमाश मिहाय एकाच आठवड्यात गेले. ६ डिसेंबर २०२१ला कोविडने कोबोरला नेलं, वय ७८. बँडची साठी पुढच्याच वर्षी होती.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर १९६९चंच ऐका, हेडफोन लावून. स्कॉर्पियन्सचं कबुतर नंतर. आणि कोणाकडे ती जुनी कॅसेट अजून असेल तर सांगा, माझी कोणीतरी ढापली आहे.